आनंदाचा नेम : निकेयापासून नगरपर्यंत

पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना 'तर', 'म्हणजे' जरा जास्तच झालं होतं, ते कमी केलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागात आपण ख्रिस्ती परंपरेतल्या उपासाबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्यांचा प्रश्न आला. उपास ही साधना आहे हे कळतं, प्रार्थना कळते, मौनही कळतं. पण सण साजरा करणं ही साधना कशी होईल? आनंद एकतर येतो, नाहीतर येत नाही. तो काय घड्याळ लावून करायचा?

प्रश्न चांगला आहे आणि मुख्य म्हणजे नवीन नाही. याच प्रश्नावरून इंग्लंडमध्ये दंगल झाली आहे. त्या प्रश्नाचा एक धागा थेट आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत येतो. आज तोच धागा धरून जाऊ.

आधी एक छोटी नोंद. रिचर्ड फॉस्टर या अमेरिकन लेखकाचं 'सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन' हे पुस्तक १९७८ साली आलं आणि इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती लोकांत खूप गाजलं. त्यात त्यांनी बारा साधना सांगितल्या आहेत. ध्यान, प्रार्थना, उपास, अभ्यास, साधेपणा, एकांत, सेवा वगैरे. आणि शेवटची, बारावी, म्हणजे उत्सव, आनंद साजरा करणं. गंमत अशी की फॉस्टर स्वतः क्वेकर. क्वेकर पंथाने जुन्या काळी ठरावीक सण मानलेच नाहीत, कारण त्यांच्या मते सगळे दिवस सारखेच पवित्र. अशा घरातल्या माणसाने उत्सवाला साधनेच्या यादीत बसवावं, हे मला फार आवडतं.

पण फॉस्टरनी ही कल्पना काढली असं नाही. ती फार जुनी आहे.

'डिसिप्लिन'ला आपण शिस्त म्हणतो, आणि शिस्त म्हटलं की शाळेतली छडी आठवते. मराठीत याहून चांगला शब्द आहे, नेम. आजी रोज तुळशीला पाणी घालते तो नेम. वारकरी आषाढीला निघतो तो नेम. पाऊस पडो न पडो, घरात पैसा असो नसो, या वर्षी मनात उत्साह असो नसो, तारीख आली की निघायचं. तर आजचा प्रश्न असा मांडू : आनंदाचा नेम असू शकतो का?

बायबलच्या जुन्या करारात याचं उत्तर सरळ आहे. हो, आणि तो नियमशास्त्रातच लिहिलेला आहे. अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दशमांशाचा नियम आहे. दशमांश म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा. आपल्याला वाटतं तो देवळात नेऊन द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पण तिथे सांगितलंय की तो हिस्सा देवाने नेमलेल्या जागी घेऊन जा आणि घरच्यांसह तिथे बसून खा. जागा लांब असेल तर माल विकून पैसे कर, तिथे जाऊन मनाला येईल ते घे, बैल, मेंढरू, द्राक्षारस, आणि देवासमोर खाऊनपिऊन आनंद कर. शिवाय ज्याला जमिनीचा वाटा नाही अशा लेवीला विसरू नको. आणि दर तिसऱ्या वर्षी तो हिस्सा गावातच ठेव, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून.

म्हणजे बघा, मेजवानीसाठी पैसे बाजूला काढणं हे धर्मकर्तव्य, आणि ती मेजवानी एकट्याने खाता येत नाही हीसुद्धा त्यातली अट.

दुसरा प्रसंग नहेम्याच्या पुस्तकातला आहे, आठवा अध्याय. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमात जमलेत. एज्रा शास्त्री नियमशास्त्र वाचतो आणि लोक रडायला लागतात. आपण किती चुकलो हे त्यांना ऐकताना कळतं. आता एखादा धर्मगुरू म्हणाला असता, रडा, पश्चात्ताप चांगलाच. इथे उलट होतं. पुढारी लोकांना थांबवतात. आजचा दिवस पवित्र आहे, रडू नका, घरी जा, गोडधोड खा, आणि ज्याच्या घरी काही शिजलेलं नाही त्याला वाटा पाठवा. हा वाटा लक्षात ठेवा. आपल्याला पुढे लागणार आहे.

आता सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीकडे येऊ. इथे एक गोष्ट अशी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दोनदा तपासली. इ.स. ३२५. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली. ख्रिस्त देव आहे की देवाने निर्माण केलेला, या मोठ्या वादासाठी ही परिषद प्रसिद्ध आहे. पण तिने वीस नियमही केले. त्यातला शेवटचा, विसावा नियम सांगतो की रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत गुडघे टेकून प्रार्थना करायची नाही. उभं राहून करायची.

गुडघे टेकणं हे पश्चात्तापाचं लक्षण, उभं राहणं हे पुनरुत्थानाचं. पन्नास दिवस आनंदाचे आहेत, तर त्या दिवसांत पश्चात्तापाची मुद्राच नको. ही पद्धत निकेयात निघालेली नाही. त्याच्या शंभरेक वर्षं आधी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तेर्तुल्यनने लिहून ठेवलंय की रविवारी उपास करणं किंवा गुडघे टेकणं आम्ही गैर मानतो. आणि हा तेर्तुल्यन म्हणजे कडक माणूस, चैनीच्या बाजूने बोलणारातला नव्हे. त्यालाही हे दिवस पाळायचेच होते.

चौथ्या शतकातच गँग्रा नावाच्या गावी आणखी एक परिषद झाली. तिथला प्रश्न उलटा होता. काही अतिकडक साधक निघाले होते, लग्नाला कमी लेखणारे, मांस खाणाऱ्याला कमी लेखणारे, रविवारीसुद्धा मुद्दाम उपास करणारे. परिषदेने त्यांना बजावलं. वैराग्याच्या नावाखाली रविवारी उपास करणाऱ्याला मंडळीबाहेर काढा, आणि प्रभूच्या नावाने कोणी जेवण घालतो, भावांना बोलावतो, त्या पंगतीला तुच्छ मानून न जाणाऱ्यालाही काढा. पंगतीचं आमंत्रण नाकारल्याबद्दल बहिष्कार! आपल्याकडे पंगतीत बसवण्यावरून आणि न बसवण्यावरून काय काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून हे ऐकताना जरा थबकायला होतं. इथे दोष बाहेर ठेवलेल्याचा नाही, बोलावूनही न आलेल्या सोवळ्या माणसाचा आहे.

ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ, हे ख्रिस्ती नसलेल्या बऱ्याच लोकांनाही ठाऊक असतं. ईस्टरनंतर पन्नास दिवसांचा आनंदकाळ असतो हे किती जणांना ठाऊक आहे? ख्रिस्ती घरांतसुद्धा ईस्टरच्या सोमवारी सगळं संपलेलं असतं. चाळीस दिवस दुःख करायला जमतं, पन्नास दिवस आनंद करायला जमत नाही. माझं मत विचाराल तर दोन्हींतलं अवघड व्रत दुसरंच आहे.

अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याचा उल्लेख इथे करायलाच हवा. त्या शहराच्या बिशपने दरवर्षी पत्र काढून ईस्टरची तारीख आणि उपासाचे दिवस कळवायचे अशी रीत होती. अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला, एकूण सतरा वर्षांच्या आसपास. तरी हद्दपारीतूनही काही वर्षी ती पत्रं निघाली. ज्याला स्वतःच्या गावी ईस्टर करायला मिळणार नाही, तो लोकांना सांगतोय की सण अमुक दिवशी आहे, पाळा. याच मालिकेतलं इ.स. ३६७ चं पत्र इतिहासात वेगळ्या कारणाने राहिलं. आज नव्या करारात आहेत तीच सत्तावीस पुस्तकं त्यात पहिल्यांदा यादीने आली. पण मुळात ते होतं सणाचं पत्र, तारीख कळवायचं.

मध्ययुग मी भरभर ओलांडतो, फक्त असिसीच्या फ्रान्सिसपाशी क्षणभर थांबू. भिकाऱ्यासारखा राहणारा हा माणूस. १२२३ साली ग्रेच्यो गावात त्याने बैल, गाढव, चारा आणून नाताळचा देखावा केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचा चरित्रकार सेलानोचा थॉमस आणखी एक आठवण सांगतो. नाताळ शुक्रवारी आला, आणि शुक्रवार म्हणजे मांस वर्ज्य. एका बंधूने तसं म्हटल्यावर फ्रान्सिसने त्यालाच झापलं. या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावं, खाता येत नसेल तर निदान त्यांना बाहेरून चोपडावं, असा त्याचा आशय. गरिबांना श्रीमंतांनी पोटभर घालावं आणि बैल-गाढवांना त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चारा मिळावा, हेही त्याचं म्हणणं. पोळ्याला बैलाला पुरणपोळी घालणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता येऊ दंगलीकडे. सतराव्या शतकातलं इंग्लंड, राजा आणि पार्लमेंट यांची यादवी. पार्लमेंटच्या बाजूला प्युरिटन लोकांचं वजन. त्यांना नाताळ नको होता. आपण त्यांना सहज 'आनंदाचे वैरी' म्हणून मोकळे होतो, आणि ते काही बरोबर नाही. त्यांचे मुद्दे ऐका. पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. देवाने पाळायला सांगितलेला दिवस एकच, रविवार. आणि नाताळच्या नावाने प्रत्यक्षात चालतं काय, तर दारू, जुगार, दंगा. यातला एकही मुद्दा खोटा नव्हता.

१६४४ मध्ये पेच आला. महिन्याचा शेवटचा बुधवार हा राष्ट्रीय उपासाचा दिवस ठरलेला होता, आणि त्या वर्षी नाताळ नेमका त्याच बुधवारी. पार्लमेंटने सांगितलं, उपासच करायचा, आणि पूर्वजांनी या दिवशी केलेल्या पापांची आठवण ठेवून जास्तच गंभीरपणे करायचा. मग जून १६४७ मध्ये वटहुकूम निघाला. नाताळ, ईस्टर, व्हिटसन हे सगळे सण रद्द.

पण नोकर आणि शिकाऊ कारागीर यांचं काय? त्यांना वर्षात मोकळे दिवस मिळायचे ते या सणांचेच. त्यांनी तक्रार केली, आणि पार्लमेंटने ती ऐकली हे विशेष. सणांच्या बदल्यात दर महिन्याचा दुसरा मंगळवार करमणुकीसाठी मोकळा दिला. हिशोबाने पाहिलं तर बारा दिवस, म्हणजे नुकसान काहीच नाही. अगदी आधुनिक तोडगा. आपल्या कंपन्यांतली 'फ्लोटिंग हॉलिडे' हीच ना!

तरी लोक खूश झाले नाहीत. त्याच वर्षी पंचवीस डिसेंबरला कँटरबरीच्या महापौरांनी हुकूम काढला की बाजार नेहमीसारखा भरवा, दुकानं उघडा. थोड्या दुकानदारांनी उघडली. जमावाने त्यांचा माल रस्त्यावर फेकला, भर रस्त्यात फुटबॉल सुरू केला आणि दारांना हॉलीच्या हिरव्या फांद्या लावल्या. हाणामारी झाली. त्या दंग्याचे खटले पुढच्या वर्षी केंट परगण्यातल्या राजाच्या बाजूच्या उठावाला एक निमित्त ठरले. यात राजकारण होतंच, सगळं नाताळप्रेम नव्हतं.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण दुसरा मंगळवार का चालला नाही, यातच आपल्या श्रोत्यांच्या प्रश्नाचा गाभा आहे. पार्लमेंटने सुट्टी दिली, सण दिला नाही. सुट्टी ही रिकामी वेळ असते. तिला कारण नसतं, तिचा ठरलेला पदार्थ नसतो, त्या दिवशी कोणाकडे काय पाठवायचं हे ठरलेलं नसतं. सुट्टीत आनंद करायचा तर तो ज्याचा त्याने शोधायचा. सण तसा नसतो. तो कुठल्यातरी घडलेल्या गोष्टीची आठवण असतो आणि त्याचं काम ठरलेलं असतं. मन तयार नसलं तरी हात कामाला लागतात, करंज्या भरायला लागतात, आणि पुष्कळदा मन मागाहून येतं. साधना म्हणतात ती हीच. प्रार्थनेचंही असंच असतं की. रोज मन लागतं म्हणून कोणी प्रार्थना करत नाही.

प्युरिटनांकडे आनंदाची जागा नव्हती असं मात्र समजू नका. ते उपकारस्तुतीचे दिवस जाहीर करायचे. पीक चांगलं आलं, जहाज सुखरूप पोचलं, लढाई जिंकली की ठरवून एक दिवस देवाचे आभार. दुष्काळ पडला, रोग आला की उपासाचा दिवस. म्हणजे आनंद प्रसंगाने करायचा, पंचांगाने नाही. विचार म्हणून हे फार प्रामाणिक आहे. अडचण एवढीच, की तुमच्या घरी यंदा जहाज पोचलंच नसेल तर तुम्ही काय करायचं?

हेच लोक अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले. १६२१ चा नाताळ, प्लिमथ वसाहत. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड माणसांना घेऊन कामाला निघाला. नव्याने आलेले काही जण म्हणाले, आज काम करणं आमच्या विवेकाला पटत नाही. ठीक आहे म्हणून त्याने त्यांना सोडलं. दुपारी परत येऊन बघतो तर हे लोक रस्त्यावर चेंडू खेळतायत. त्याने खेळाचं सामान काढून घेतलं आणि सुनावलं, बाकीच्यांनी राबायचं आणि तुम्ही खेळायचं हे माझ्या विवेकाला पटत नाही. भक्ती म्हणून सण पाळायचा तर घरात बसून पाळा. ब्रॅडफर्डने हे स्वतःच लिहून ठेवलंय, थोड्या मिश्कीलपणे. पुढे १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदाच केला, नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ मध्ये रद्द झाला, पण सवय गेली नाही. त्या राज्यात नाताळला कायदेशीर सुट्टी मिळाली ती थेट १८५६ साली.

आता नगरचा धागा. याच मॅसॅच्युसेट्समध्ये, याच प्युरिटनांच्या वारस मंडळ्यांनी १८१० मध्ये परदेशांत मिशनरी पाठवण्यासाठी 'अमेरिकन बोर्ड' काढलं. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांचं काम अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, पोचलं. 'ज्ञानोदय' हे मासिक १८४२ मध्ये तिथूनच निघालं. हेच अमेरिकन मराठी मिशन. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती धर्म घेऊन आलेले लोक अशा राज्यातले होते, जिथे नाताळला कायद्याने सुट्टीही नव्हती.

आणि इथल्या भाषेत त्या सणाला शब्द कुठला? नाताळ. तो पोर्तुगीज. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, गोवा तर त्याहून कितीतरी जास्त काळ. त्या कॅथलिक किनाऱ्यावरून 'नाताल' मराठीत आला. प्युरिटनांच्या वारसांनी घडवलेली मराठी मंडळी कॅथलिकांच्या शब्दाने तो सण ओळखू लागली. इतिहास अशा गमती करतो.

पहिल्या काळात मराठी ख्रिस्ती उपासनेत बरीच गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं होती. शब्द मराठी, पण तोंडात बसत नव्हते. १८६० च्या दशकापासून नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. टाळ, मृदंग, उभा कीर्तनकार, मागे झिलकरी, आणि आख्यान येशूचं. मग १८९५ मध्ये नारायण वामन तिलकांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नगरला आले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा. मराठी मंडळीच्या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांना अभंग-ओवीची लय आहे. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना ख्रिस्ताभोवती जमता यावं म्हणून. १९१९ मध्ये ते गेले. लक्ष्मीबाईंनी नंतर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्या पुस्तकात इतकं सोसलेलं असताना इतकं हसू कसं, हा वेगळ्या भागाचा विषय.

याचं श्रेय सगळं आपल्याकडे घेऊ नये. तोवर खुद्द न्यू इंग्लंडमध्येही नाताळ रुळला होता, मिशनरीही बदलत होते. पण टाळ वाजले ते इथल्या लोकांच्या हातून. भजनाला बसायचं, गात उभं राहायचं, ठरलेल्या तिथीला निघायचं, हा नेम त्यांच्या अंगात आधीपासून होता. मराठी ख्रिस्ती घरात आजही नाताळला केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळी, चकल्या असतात. तो फराळ कुठून आला हे विचारायला नकोच.

श्रोत्यांच्या पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती, ती मी मुद्दाम आत्तापर्यंत सांगितली नाही. त्यांच्या घरात यंदा एक मृत्यू झालाय, आणि हा पहिलाच नाताळ आहे. करायचा की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

यावर मी निकाल देणारा कोण? पण इतक्या वेळ जे पाहिलं त्यात एक गोष्ट सारखी दिसते. अनुवादात लेवी, परका, अनाथ, विधवा, नहेम्यात ज्याच्या घरी काही शिजलं नाही तो, फ्रान्सिसकडे गरीब आणि बैल. आनंदाची आज्ञा जिथे जिथे आहे तिथे वाटाही आहे. आणि ज्याला जमत नाही त्याने काय करावं हे नहेम्यात लिहिलेलंच नाही. आज्ञा आहे ती शेजाऱ्याला.

आपल्याकडे ही रीत आहे. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, पण फराळ असतो. भावकीतून येतो, शेजारून येतो. डबा आणणारी बाई फार बोलत नाही, बसते, डबा ठेवते. तेव्हा तुम्ही तुमच्या घरी कढई चढवा किंवा चढवू नका. डबा आला तर परत पाठवू नका, एवढं मी म्हणेन. आणि हे ऐकणारे बाकीचे जे आहेत, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर यंदा चार करंज्या जास्त करा.

पुढच्या भागात लक्ष्मीबाई. तोवर नमस्कार.